तासाला पंधरा

शनिवार, १० जानेवारी २०२६

बावीस धरले होते, एकवीस आले!

साडूच्या घरभरणीहून परत येत होतो. क्रांती चौकात नाकाबंदी. दीपमाला मागं बसलेली, माझा दंड चिमटीत धरून. हवालदारानं मशीन पुढं केलं. फुंकलो. एकवीस. म्हणजे शंभर मिली रक्तात एकवीस मिलिग्रॅम दारू. कायद्यात तीसपर्यंत चालतात. त्यानं मशीनकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हात हलवला – "चलो, जाव."

गाडीला किक मारायच्या आधीच दीपमालाला म्हणालो, निघताना काय सांगितलं होतं? बावीस! ती म्हणाली, "लाज नाही वाटत? पोरीला, संस्कृतीला, काय सांगू, बाबा चांगल्या मार्कांनी पास झाले?"

हिला काय कळणार. दोन लहान पेग, तीस-तीसचे. म्हणजे वीस ग्रॅमच्या थोडी वर दारू. माझं वजन चौऱ्याहत्तर. त्या हिशेबानं चढले एक्केचाळीस. पहिला घोट सव्वासातला, नाकाबंदी साडेआठला. तासाला पंधरा उतरतात. सव्वा तासात एकोणीस गेले, उरले बावीस. एकाचा फरक पडला तो मसालेभातामुळं.

पिणं वाईट नाही. बेहिशेबी पिणं वाईट. हे मी कंपनीत बारा वर्षं सांगतोय.

सोमवार, १२ जानेवारी

रस्ता सुरक्षा महिना. कँटीनमध्ये पहिल्या पाळीपुढं भाषण झालं. फळ्यावर तक्ता काढला – वजन, पेग, तास. शेवटी नेहमीचं वाक्य टाकलं: माणूस खोटं बोलतो, मशीन खोटं बोलत नाही. टाळ्या.

मागून एकजण ओरडला, "साहेब, म्हंजे रातच्याला दोन क्वार्टर मारल्या तर सकाळी किती वाजता शुद्ध?" सगळे हसले. मीही त्याला गणित करून दाखवलं. उत्तर आलं संध्याकाळचं. तेव्हा कुणी हसलं नाही.

बाकड्याचे नियमही पुन्हा सांगितले. माझ्या आधीचा सुरक्षा अधिकारी गेटवर कुणी प्यालेला सापडला की त्याला सरळ परत पाठवायचा. दिवस बुडाला! मी बाकडा सुरू केला. तीस आले तर दोन तास बस. परत फुंक. उतरली असेल तर जा कामावर. फक्त बाकड्यावर असेपर्यंत पाणी नाही, चहा नाही, तंबाखू नाही, बडीशेप नाही. ही माणसं चुळा भरून, तांबेच्या तांबे पाणी पिऊन मशीनला फसवायला बघतात. पाण्यानं काही उतरत नाही, पण मला त्यांचे खेळ नकोत.

गेटवरचा वॉचमन कारभारी नंतर म्हणाला, "साहेब, तुमी तर लोकायला प्यायचं टाइमटेबलच लावून दिलं की!" हसण्यावारी नेलं. पण लागलं.

मंगळवार, २० जानेवारी

क्रमानं लिहितो.

मोतीराम गेला. पत्रा दाबायच्या मशीनवरचा. वय बावन्न. मूळचा अजिंठ्याकडचा, राहायला रांजणगावात. तीन वर्षांत सहा वेळा माझ्या बाकड्यावर बसलेला. म्हणजे मला माणूस माहीत होता. असं मला वाटत होतं.

सात पाच – गेटवर फुंकला. चव्वेचाळीस. चालताना झोक जात होता. डोळे खोल गेलेले. तोंडाला गोडसर, आंबूस वास. म्हणालो, काय मोतीराम, सकाळी सकाळी? "नाय घेतली साहेब. दसऱ्यापासनं बंद हाय. विहारात उभं राहून शील घेतलंय, पाचवं, दारू न प्यायचं." सापडलेला प्रत्येकजण काहीतरी म्हणतोच. कुणी आईची शपथ घेतो, कुणी खोकल्याचं औषध पुढं करतो. हा विहार घेऊन आला! तीन तास, म्हणालो. बस.

पाणी मागितलं. नियम सांगितला. परत मागितलं. दोनदा लघवीला गेला. कारभारी म्हणाला, "साहेब, लई तहानलंय ते." मी म्हणालो, उतरताना घसा सुकतोच.

आठ पाच – एकोणतीस यायला हवे होते. त्रेचाळीस!

नऊ चाळीस – पाचाच्या आसपास यायला हवे होते. सेहेचाळीस. चढले! आणि चढायला पोटात नवी जावी लागते. म्हणजे कुठंतरी बाटली आहे, लघवीचं निमित्त करून मारतोय, असं मी धरलं. कारभारीला झडती घ्यायला लावली. डब्यात भाकरी आणि ठेचा. खिशात रुमाल, बसचा पास. बाकी काही नाही.

माझं डोकं सटकलं. सगळ्या गेटसमोर बोललो. "मी तुमचा दिवस वाचवतो आणि तुम्ही मलाच उल्लू बनवता? बायकोशी खोटं बोल, विहारात खोटं बोल. मशीनपुढं नाही चालायचं." तो वर बघेना. नुसता धापा टाकत होता, जिना चढून आल्यासारखा. मग बाकड्याशेजारीच ओकला. दोघांनी धरून कँटीनमागच्या खोलीत नेऊन झोपवला. उतरली की उठव म्हणालो.

बारा पस्तीस – कँटीनवाल्यानं हलवून पाहिलं. हलेना. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नोंदवहीत फक्त सात पाचचा आकडा आहे. मधले आकडे मी चिटोऱ्यावर घेतो आणि आत सोडताना शेवटचा तेवढा वहीत चढवतो. मोतीरामला आत सोडलंच नाही. चिटोरा पँटच्या खिशात निघाला. इथं उतरवून घेतला आणि फाडला. का फाडला ते लिहवत नाही.

बुधवार, २१ जानेवारी

पोलिसांनी जबाब घेतला. खोटं काही बोललो नाही. फुंकून पाहिलं, चव्वेचाळीस आले, नियमाप्रमाणं मशीनवर जाऊ दिलं नाही, आराम करायला पाठवलं. जबाब घेणाऱ्यानं विचारलं, "मग झोपेत गेला?" हो म्हणालो. सही केली.

मॅनेजरसाहेबांनी पाठीवर हात ठेवला. "तुम्ही नियमानं वागलात. माणूस पिऊन आला, झोपला, मेला. यात कंपनीचा काय संबंध?" रक्त तपासायला गेलंय. रिपोर्टला दोन महिने लागतील म्हणे.

दारू निघू दे. एवढंच.

शनिवार, २४ जानेवारी

चार. मोठे. हिशेब केला नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

रांजणगावला जाऊन आलो. जायला नको होतं, पण राहवेना.

दोन खोल्यांचं घर. गल्लीच्या टोकाला विहार. मोतीरामची बायको भामाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. "तुमी सोमनाथ साहेब? बाकड्यावाले?" हो म्हणताना मला माझंच नाव जड झालं. त्यांनी सतरंजी टाकली. पाणी दिलं, चहा टाकला. समोर मोतीरामचा फोटो – इन केलेला शर्ट, ओठ घट्ट मिटलेले.

मी घरूनच ठरवून गेलो होतो काय बोलायचं ते. म्हणालो, ताई, झालं ते झालं. नोंदवहीतला आकडा बाहेर कुठं जाणार नाही, याची काळजी मी घेतो. लोकांत बभ्रा नको. आपल्या मनाचा मोठेपणा वाटत होता मला!

त्या सूप बाजूला ठेवून बसल्या. "लपवायचं काय त्याच्यात? घेतलीच नव्हती."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"वीस वर्सं पीत व्हते, तवा मी लपवलं. शेजारनीपासनं, पोरीपासनं, सोयऱ्यापासनं. आता पीत नव्हते तर लपवू व्हय?"

मग सांगत राहिल्या. दसऱ्याला सगळ्यांसमोर उभं राहून शील घेतलं. पहिले पंधरा दिवस अंग थडथड उडायचं, खाटेचा पाय धरून बसायचे. या शेजारी बसून राहायच्या. दिवाळीनंतर हात थांबले. सुईत दोरा ओवून दाखवला म्हणे एक दिवस. नुसता ओवून दाखवला, शिवायचं काही नव्हतं. जानेवारीत मात्र सारखी तहान, सारखं अंग मोडून आलेलं. भामाबाईंना वाटलं दारू सुटली म्हणून होत असेल.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला लोक जमले. चार जण त्यांच्याबद्दल बोलले. शील घेतल्याचं एकानंही काढलं नाही. "गेटावर पिऊन सापडला, हे समद्यायला ठाव झालतं. आमच्या मान्साचं कोन खरं मानतंय साहेब? घरातलंच मानंना."

घरातलं म्हणजे मुलगी, विशाखा. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आतल्या दाराला टेकून उभी होती. भामाबाई म्हणाल्या, तिनं त्या दिवशी बापाच्या फोटोपुढं हातसुद्धा जोडले नाहीत. आईला म्हणाली, मशीन खोटं बोलत नसतं.

माझं वाक्य. ते रांजणगावच्या घरापर्यंत पोचलंय.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आता रोज आंघोळीनंतर देवापुढं उभा राहतो. दीपमालाला वाटतं, डोक्यावरून पाणी गेल्यावर माणूस सुधारला. मी मागतो काय, तर मेलेल्या माणसाच्या रक्तात दारू निघू दे. भामाबाई विहारात जाऊन नेमकं उलटं मागत असणार.

सरळ आहे. दारू निघाली तर तो स्वतःच्या कर्मानं गेला. नाही निघाली तर आजारी माणसाला मी बाकड्यावर बसवून ठेवलं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज वेल्डिंगचा एक पोरगेला कामगार सापडला. तीस. कारभारीनं विचारलं, "बसवू का?" नको म्हणालो. घरी पाठव. पोराचा दिवस बुडाला, मला शिव्या घालत गेला. चालेल.

कारभारी गेट लावता लावता म्हणाला, "साहेब, त्या दिशी मोतीरामनं तिसऱ्यांदा फुंकलं, तवा काय आलं व्हतं?"

आठवत नाही म्हणालो.

"मला याद हाय," म्हणाला. आणि रजिस्टर घेऊन बाजूला झाला. त्याची निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे. तो बोलणार नाही. तो बोलणार नाही याचाच मला आधार वाटतो, आणि त्याचीच किळस येते.

आज तीन. कालही तीन. सकाळी गेटवर उभं राहून लोकांच्या तोंडाला मशीन लावायचं, तेव्हा माझ्यात किती उरलेले असतात? पहिल्यांदाच असं झालं की हिशेब करायची भीती वाटली.

सोमवार, ९ मार्च

विशाखा आली होती. जेवणाच्या सुट्टीत, गेटवर. पाठीला सॅक, कॉलेजातून थेट आलेली. म्हणाली, "सर, दहा मिनिटं द्या. भांडायला नाही आले."

माझ्या केबिनमध्ये बसली. वही काढली. प्रश्न लिहून आणले होते!

तहान लागली होती का? – हो. लघवीला किती वेळा गेले? – दोनदा, मला दिसलं तेवढं. उलटी? – झाली. श्वास कसा होता? – जोरात. धापा टाकल्यासारखा. तोंडाला वास कसला होता, दारूचा की जास्त पिकलेल्या फळासारखा?

गोडसर, म्हणालो.

ती लिहायची थांबली. मग हळूहळू बोलली, परीक्षेत उत्तर देतात तसं. पोस्टमॉर्टेमच्या कागदात डाव्या टाचेची जखम आहे, आतून सडलेली. "पपा घरी मोजा काढू देत नव्हते. लंगडत होते. साखर कधी तपासलीच नाही आम्ही. साखर अशी बेसुमार वाढली ना, की रक्तात विष साचतं आणि श्वासाला तसा वास येतो. साध्या मशीनला तो दारूचाच वाटू शकतो. माणूस झोकांड्या खातो, बरळतो, ओकतो. बघणाऱ्याला प्यालेलाच वाटतो."

मी म्हणालो, हे सगळं अंदाजानं.

"हो. रिपोर्ट आला की कळेल. पण एक गोष्ट त्या दिवशीच कळली असती सर. दारू तासातासाला उतरते. हे उतरत नाही. तुम्ही परत मशीन लावलं होतं का?"

नाही, म्हणालो.

इतकं सहज निघालं तोंडातून. नाही. जसं काही कुणी विचारलं, चहा घेणार का?

"लावलं असतं तर कळलं असतं," ती म्हणाली आणि वही मिटली. मग एकदम रडायला लागली. "मी आईला खोटं पाडलं. ती शंभरदा सांगत होती. मी पपांच्या फोटोकडं बघतसुद्धा नव्हते." मी ग्लासात पाणी ओतून दिलं. तिनं ते पिऊन टाकलं, थँक्यू म्हणाली.

गेटपासून दवाखाना वीस मिनिटांवर आहे. सात पाच ते बारा पस्तीस, साडेपाच तास. कंपनीची रुग्णवाहिका बाकड्यापासून पंधरा पावलांवर उभी असते. आठ पाचला मला आकडा दिसला होता. पावणेदहाला पुन्हा दिसला. तासाला पंधरा उतरतात हे या सगळ्या कारखान्यात एकट्या मला माहीत होतं! दुसरा कुणी असता तर त्याला माफ करता आलं असतं.

मंगळवार, १० मार्च

पीत नाही. व्रत वगैरे नाही. बाटलीचं झाकण उघडलं आणि वास सोसेना.

शुक्रवार, २७ मार्च

रिपोर्ट आला. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून कागद पुढं सरकवला. रक्तात एथिल अल्कोहोल आढळले नाही. खाली दुसरी ओळ – अॅसिटोन आढळले. विशाखा म्हणाली होती तेच, साखरेमुळं रक्तात साचणारं विष.

साहेबांच्या चेहऱ्यावर घाम नाही की काही नाही. "आजारी होता, मेला. नैसर्गिक मृत्यू. तुमच्याकडं नोंद फक्त सातची ना? झालं तर मग. मशीन चुकलं म्हणू, मशीन बदलून टाकू." मशीन आजच भंगारात गेलं. नव्याची ऑर्डर निघाली. मला चहा पाजला.

चारला भामाबाईंचा फोन. रडत होत्या की हसत होत्या, कळेना. "साहेब, बगा! म्हनलं व्हतं ना मी? म्हनलं व्हतं ना?" हो ताई, हो ताई, एवढंच म्हणत राहिलो. मग म्हणाल्या, "परवा ऐतवारी विहारात या. समदे असत्यात. कागद तुमीच वाचा. पिऊन आला हे तुमच्याच तोंडातून गेलं व्हतं. नव्हता प्याला, हे बी तुमच्याच तोंडातून गेलं म्हंजे लोक मानतीन."

येतो म्हणालो.

घरी येऊन दीपमालाला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तिन्ही आकडे, चिटोरा, पाणी, गेटवरचं बोलणं, विशाखाला दिलेलं उत्तर. ती कणीक मळत होती, हात तसेच परातीत राहिले. मग म्हणाली, "कागद वाच आणि घरी ये. त्यांना हवं ते त्यांना मिळतंय. पुढचं एक अक्षर बोलू नको. संस्कृतीचा विचार कर."

तिचं चुकत नाही. खरंच, त्यांना हवं ते मिळतंय. मोतीरामचं शील त्याला परत मिळतंय. मी फक्त वाचायचं आणि खाली बसायचं.

शनिवार, २८ मार्च

आरशासमोर उभा राहून वाचून पाहिलं. अर्धा मिनिट लागतो.

रविवार, २९ मार्च

वाचलं. "आढळले नाही" म्हटल्यावर बायकांच्या बाजूला कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. मी खाली बसलो नाही. म्हणालो, अजून आहे. मी मशीन तीनदा लावलं होतं. सात पाच, चव्वेचाळीस. आठ पाच, त्रेचाळीस. नऊ चाळीस, सेहेचाळीस. उतरत नव्हतं. मला दिसत होतं. विशाखानं मान वर केली.

भामाबाईंना आकड्यांतलं काही कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे पावनेधाला ते जित्ते व्हते?"

होते.